चैतातला दुसरा ऐतवार

बुधवारी दुपारी वळीव आला तेव्हा केरू कुंभाराच्या अंगणात एकशे चाळीस कच्ची मडकी वाळत होती. पाऊस फार तर पाव तास पडला असेल. केरूतात्या, त्याचा मुलगा सोपान आणि लेक बनाबाई अशा तिघांनी हाताला येईल ते मडकं पडवीत नेलं, उरलेल्यांवर पोती टाकली, पाचट टाकलं. तरी पाऊस उघडला तेव्हा साठएक मडक्यांचा चिखल झाला होता. काहींचे काठ गळून पडले होते, काहींची पोटं बसली होती. बनाबाईची सहा वर्षांची भामा त्या चिखलातून हिंडत होती आणि एकेका मडक्याला बोट लावत होती.

"ह्ये मेलं. ह्ये बी मेलं."

"गप गं कारटे," बनाबाई म्हणाली.

"मेलं न्हाई, भामे," केरूतात्या म्हणाला. त्यानं एक बसलेलं मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि मातीच्या ढिगावर आपटलं. "भाजलं न्हाई तंवर त्येचं काय बिगडत न्हाई. परत मळायचं, परत चाकावर घालायचं."

आकितीला सोळा दिवस राहिले होते. आकितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घराघरात पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेलं मडकं पुजतात. माळेवाडीत आणि आसपासच्या तीन वस्त्यांत ती मडकी केरूच्याच घरची जात. शिवाय त्रेसष्ट सालचा तो उन्हाळा चैत्रातच असा तापला होता की ज्याच्या त्याच्या तोंडी पाण्याच्या डेऱ्याची मागणी होती. घरात हात मोजके. सोपानची आई जाऊन पाच वर्षं झाली होती. बनाबाई नवरा गेल्यावर पोर कडेवर घेऊन माहेरी परतली, त्याला दोन वर्षं झाली होती. ती माती चाळायची, लीद आणि राख कालवायची, भाजलेली मडकी गाढवावर लादून वस्त्यांवर पोचवायची. सोपान माती तुडवायचा आणि चाकावरून उतरलेलं मडकं थापटून मोठं करायचा. चाकावर मात्र केरूतात्याच बसायचा.

सोपान बावीस वर्षांचा. सातवी पास. मार्गशीर्षात रहिमतपूरला तरुण मंडळांच्या नायकांचं सात दिवसांचं शिबिर झालं, तिथं माळेवाडीनं त्याला पाठवलं. कारण बाकीच्यांच्या घरी ज्वारीची राखण होती. परत आला तो पांढऱ्या दोरीत अडकवलेली शिट्टी आणि शंभर पानी वही घेऊन. त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथल्या एका शाळेत तीस-बत्तीस गावांच्या नायकांची मीटिंग भरायची. मागच्या महिन्यात काय केलं ते प्रत्येकानं उभं राहून सांगायचं, नवा धडा घ्यायचा, आणि येत्या गुरुवारी तो आपल्या गावच्या मंडळाला द्यायचा. गैरहजर राहणाऱ्यानं शेजारच्या नायकाकडून आठ दिवसांत धडा उतरून घ्यायचा, असा नियम होता. पगार नाही, भाडं नाही. सोपान सात मैल चालत जायचा आणि सात मैल चालत यायचा.

वहीत त्यानं सगळं टाक बुडवून बुडवून लिहिलं होतं. विहिरीत जांभळं औषध किती टाकायचं. खताचा खड्डा किती फूट. हाड मोडलं तर कामटी कशी बांधायची. आणि बुडालेल्या माणसाला काय करायचं: पालथं निजवायचं, मान एका कुशीला, दोन्ही तळहात खालच्या बरगड्यांवर, अंगाचा भार पुढे टाकून दोन आकडे मोजायचे, सोडून तीन मोजायचे. मिनिटाला बारा वेळा.

ह्या शेवटच्या धड्यावरून शिबिरातून आल्या दिवशीच घरात वाजलं होतं. माळेवाडीत कुणी बुडालं की त्याला आधी केरूतात्याकडे आणत. त्याला चाकावर पालथं घालायचं आणि चाक फिरवायचं. फिरता फिरता पोटातलं पाणी तोंडावाटे पडतं. पाटलाचा पुतण्या असाच उठून बसला होता. तेव्हापासून पाटलाच्या वाड्यावर केरू गेला की त्याला बसायला घोंगडी टाकत. दुसरा एक धनगराचा वाचला. गाव ह्या दोघांचीच नावं घेई. जे चार जण उठले नाहीत त्यांची नावं कुणी काढत नसे.

"डाक्तर म्हनला, चाकानं काय हुत न्हाई," सोपान म्हणाला होता. "पानी पोटातलं पडतं. मानूस मरतो ते छातीत हवा न्हाई म्हनून. वाचली ती मानसं तशी बी वाचली असती."

केरूतात्यानं चाकावरची माती दोऱ्यानं कापली, मडकं उतरवलं आणि मग वर पाहिलं. "तुजा डाक्तर मडकं घडवतो का रं?"

"न्हाई."

"मग चाकाचं त्येला काय ठावं?"

बनाबाई हसली होती. भामाही हसली, कळलं नव्हतं तरी.

शनिवारी संध्याकाळी परत आभाळ आलं. ह्या खेपेस ते सातारच्या अंगानं काळं होऊन बसलं आणि हलेना. पडवीत आता दोनशे मडकी होती, जुनी वाळलेली आणि चार दिवस खपून नव्यानं केलेली. पडवी अर्धी गळकी होती.

"उद्या आवा लावू," केरूतात्या म्हणाला.

"उद्या माजी मीटिंग हाय, तात्या. दुसरा ऐतवार."

"मग?"

"सोमवारी लावू की."

"वर बघ. त्ये आबाळ तुज्या मीटिंगीला इचारून थांबल व्हय?" केरूतात्याचा आवाज चढला नव्हता. तो तळहात उलटे करून बोटांच्या चिरांत अडकलेली माती काढत होता. "दोनशे हायती. बुदवारावानी झालं तर आकितीला लोकांनी पितरांना पानी काय पत्र्याच्या डब्यात दावायचं? बना एकली शेण्या देनार का मी? माजं गुडगं बघ."

"एकबी मीटिंग चुकिवली न्हाई म्या आजवर."

"मग एक चुकली तर काय झालं? उद्या शिकवतील त्ये पुढल्या म्हैन्यात शिकवतील. जात्यात कुटं?"

सोपाननं परत आभाळाकडे पाहिलं. पाहायला गेलं तर तात्याचं खोटं नव्हतं.

रविवारी पहाटेपासून त्यांनी आवा रचला. खाली शेण्यांचा थर, वर पाचट, वर मडक्यांची रांग, तोंडं खाली. मग परत शेण्या. मधे काटक्या. वरून ओला गाळ लिंपला आणि कडेनं वारा घ्यायला सात भोकं ठेवली. नऊच्या सुमारास केरूतात्यानं विस्तव घातला. तेव्हा सोपानला आठवलं की आता हजेरी चालली असेल. पुढं त्याला आठवायला सवड झाली नाही. आव्याला कुठं चीर पडली की तिथून जाळ बाहेर येतो आणि त्या बाजूची मडकी काळी पडतात. चीर दिसली की गाळ मारायचा. दिवसभर तो आव्याभोवती फिरत होता. भुवयांचे केस करपले, मनगटाला फोड आला. भामा लांब कडुलिंबाखाली बसून "मामा, हितनं धूर आला! मामा, तितनं!" असं ओरडून सांगत होती, आणि निम्म्या वेळा तिचं बरोबर असायचं.

दुपारी चारच्या सुमारास आभाळ पांगलं. त्या दिवशी एक थेंबही पडला नाही.

राहिलेला धडा खोलवाडीच्या नायकाकडून उतरून घ्यायचा होता. नायकाचं नाव सिद्धू. सिद्धूच्या घरानं सात वर्षांमागं धम्म घेतला होता. तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा, आणि मीटिंगीला येता-जाता चार मैल दोघांची वाट एकच असे. खोलवाडी तीन मैल. सोपान सोमवारी जाणार होता, तर आवा उकलायचा होता. मंगळवारी माती आणायला गाढवं घेऊन तळ्यावर जावं लागलं. बुधवारी, गुरुवारी, मग रोजच आकिती अंगावर येत गेली. आठ दिवस झाले, नऊ झाले. आकिती झाली की जाऊ, असं त्यानं ठरवलं. त्या गुरुवारी मंडळाची पोरं जमली तेव्हा त्यानं त्यांना जुनाच, कामट्या बांधायचा धडा परत दिला.

आकितीच्या दोन दिवस आधी, बुधवारी, बनाबाई दोन गाढवांवर मडकी लादून वस्तीवर गेली होती. केरूतात्या चाकावर होता. सोपान अंगणात डेरा थापटत होता; आत डाव्या हातात दगडी गुंडा, बाहेरून उजव्या हातानं फळी. त्या ठोक्यांत त्याला ओरडा ऐकू आला नाही. माणसं कुंभारआळीत शिरली तेव्हा त्यानं मान वर केली.

पुढं ज्ञानू होता. ज्ञानू मंडळातलाच, गावात पोहण्यात एक नंबर. अंगावरून पाणी निथळत होतं आणि दोन्ही हातांवर पोर आडवं होतं. मागून बायका, पोरं, पंधरा-वीस माणसं.

"केरूतात्या, चाक मोकळं करा! चाक मोकळं करा!"

केरूतात्यानं सवयीनं हात दाबून चाक थांबवलं, मधला अर्धा घडलेला मातीचा गोळा एका हातानं ओरबाडून बाजूला टाकला, धोतराला हात पुसले. मग उठताना त्यानं पोराच्या अंगावरचा परकर पाहिला.

"आपली भामी हाय, तात्या," ज्ञानू म्हणाला. "हिरीत. खालच्या पायरीला शेवाळ… पोरींनी सांगितलं तवा म्या उडी टाकली."

"किती येळ झाला?" सोपाननं विचारलं.

"काय म्हाईत गड्या. लय न्हाई. लय न्हाई."

केरूतात्यानं हात पुढं केले होते. चाक त्याच्या मागं, दोन पावलांवर. सोपान मधे आला.

"चाकावर न्हाई."

"सोपाना, सरक," कुणीतरी म्हणालं.

"चाकावर न्हाई! तात्या, माज्याकडं द्या तिला. ह्येच शिकिवलंय मला. सात दिस ह्येच केलंय."

गर्दीतून आळीतली भामाबाई नावाची म्हातारी पुढं आली. पोरीचं नाव तिच्यावरूनच ठेवलं होतं. "आरं बापाच्या हातानं दोन मानसं उठली हायती, आनी तू वहीतलं काय सांगतोस?"

केरूतात्या सोपानकडे पाहत राहिला. तेवढ्यात पोरीच्या केसांतून पाण्याचे चार-पाच थेंब त्याच्या पायांवर पडले असतील. मग त्यानं पुढं केलेले हात मागं घेतले.

"करू द्या त्येला," तो म्हणाला. "शिकलाय त्यो."

सोपाननं तिला अंगणातच पालथी घातली. मान उजव्या कुशीला वळवली, तोंडात बोट घालून शेवाळ काढलं. सारं वहीतल्यासारखं. गुडघे तिच्या दोन्ही बाजूंना टेकले आणि तळहात बरगड्यांवर ठेवले. शिबिरात त्याच्या हाताखाली भली दांडगी माणसं निजली होती. इथं त्याच्या दोन तळव्यांखाली सगळी पाठ झाकून गेली आणि बोटं खाली मातीला टेकली. एक, दोन. सोड. एक, दोन, तीन. तोंडातून पाणी आलं, वाटीभर. लोक "आलं, आलं" म्हणाले. एक, दोन. सोड. परत थोडं पाणी. मग नुसता फेस.

तो मोजत राहिला. किती जोर द्यावा हे त्याला उमगेना. जास्त दिला तर बरगडी मोडेल, कमी दिला तर हवा जायची नाही. एकदा तिच्या घशातून आवाज आला, हुंदक्यासारखा, आणि अंगणातली सगळी माणसं एकदम खाली वाकली. त्यानं हात थांबवून कान लावला. तो आवाज आतली हवा बाहेर पडल्याचा होता. सोपानला ते कळलं. बाकी कुणाला कळलं नाही. त्यानं परत सुरू केलं.

ऊन अंगणातून सरकत पडवीच्या काठाला लागलं. ज्ञानूचं अंग केव्हाच वाळलं होतं. पोरीचे ओठ आधी निळे होते ते आता मातीसारखे झाले होते, आणि तळव्याखालचं अंग गार लागायला लागलं होतं. तरी तो मोजत होता.

बनाबाई आली ती धावत आली. गाढवं कुठं टाकली कुणास ठाऊक. तिनं पोरीवर अंग टाकलं नाही, रडली नाही. तिनं सोपानचा हात धरून त्याला बाजूला लोटलं आणि बापाकडे वळली.

"तात्या, चाकावर घाला."

"बना…"

"चाकावर घाला तिला! सगळ्यांच्या पोरांस्नी घालताय आनी माज्या पोरीला घालत न्हाई?"

केरूतात्यानं नात उचलली. ती गेलेली आहे हे त्याला कळत होतं. सहा माणसं त्या चाकावर त्याच्या हातांतून गेली होती. तरी त्यानं तिला चाकावर पालथी ठेवली, गाल खरचटू नये म्हणून खाली स्वतःचं मुंडासं घातलं, आणि काठी न घेता हातानंच चाक लोटलं. चाक हळू हळू फिरू लागलं. भामाचे पाय चाकाबाहेर आले होते. दर फेऱ्याला ते बनाबाईच्या लुगड्याजवळून जायचे, आणि दर वेळी ती हात पुढं करायची.

संध्याकाळच्या आत ओढ्याकाठी तिला पुरलं.

आकितीला माळेवाडीत घरोघर केरूच्या घरची मडकी पुजली गेली. केरूच्या घरात पुजली नाहीत. गावात जे बोलायचं ते बोललं गेलं. पाणवठ्यावर, सुताराच्या मेटावर, देवळाच्या पायरीवर एकच गोष्ट: चाक दोन पावलांवर होतं, आणि पोरानं बापाला हात लावू दिला नाही. समोर कुणी म्हणत नव्हतं. सोपान आला की बोलणं मातीवर, उन्हावर जायचं. पाटलाचा तो पुतण्या एकदा वाटेत भेटला, त्यानं सोपानकडे पाहिलं आणि स्वतःच्या छातीवरून हात फिरवला.

बनाबाई भाकरी करायची, ताटली सोपानपुढं सरकवायची आणि उठून जायची. बोलायची नाही. केरूतात्या मात्र बोलायचा. पण चाकावर बसला की मधेच थांबायचा. फिरत्या मातीवर हात तसेच राहायचे आणि मडक्याचं तोंड वेडंवाकडं होऊन जायचं.

"आदी चाकावर घातली असती तर?" एकदा त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. एखाद्या सोबत्याला विचारावं तसं विचारलं.

"काय झालं नसतं, तात्या."

"तुला पक्कं ठावं हाय?"

"व्हय."

"मग ठीक," केरूतात्या म्हणाला, आणि काठी घालून चाक फिरवलं.

मे महिन्यातला दुसरा रविवार आला. सोपाननं शिट्टी आणि वही पिशवीत घातली. ती परत देऊन यायची होती. बनाबाई दारात माती चाळत होती. अठरा दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"जा. आनकी शिकून ये."

खोलवाडीच्या फाट्यावर सिद्धू थांबला होता. त्याला कळलं होतं. चार मैल चालून मीटिंगीच्या शाळेपाशी आल्यावर तो म्हणाला, "मी तुज्या घरला येनार हुतो. मग म्हनलं, मुकादम सुट्टी देत न्हाई, तूच येशील." एवढं म्हणून त्यानं चपला काढल्या आणि आत गेला.

सोपाननं त्याला विचारलं नाही की तू कशासाठी येणार होतास.

हजेरी झाली. दवाखान्याचे डॉक्टर आले होते, हडकुळे, चष्मेवाले. ते म्हणाले, "गेल्या वेळचा धडा आधी करून दाखवा. कोण येतं?" कुणी उठलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "सिद्धूला घ्या की, त्यो सवयीचा हाय," आणि दोघं-तिघं हसले. सिद्धू उठला. मागच्या महिन्यात जोड्या लावल्या तेव्हा त्याच्या जोडीला कुणी येईना, म्हणून डॉक्टरांनी स्वतः त्याच्याबरोबर केलं होतं. आताही तो सतरंजीवर उताणा निजला.

उताणा. सोपाननं ते पाहिलं.

"पाठीवर दाबायची पद्धत आपण सोडली, ते लक्षात आहे ना?" डॉक्टर म्हणाले. "तिच्यानं हवा फार थोडी आत जाते. डोकं मागं करा, हनुवटी वर. घसा मोकळा होतो. नाक चिमटीत धरा. आपलं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट लावा आणि फुंका. कुणाला किळस वाटत असेल तर रुमाल टाका, पण फुंका." त्यांनी सिद्धूच्या तोंडावर तोंड ठेवलं. सिद्धूची छाती सदऱ्यासकट वर आली. सगळ्यांना दिसली. "आणि लहान मूल असेल तर त्याचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यायचं. जोरानं फुंकायचं नाही. फक्त गालातली हवा. गाल फुगवायचे आणि तेवढीच सोडायची."

धडा संपल्यावर सोपान डॉक्टरांपाशी गेला. काय झालं ते त्यानं मीटिंगीत हकिकत सांगावी तसं सांगितलं: किती वाजता, कुणी काढली, किती वेळ दाबलं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"ह्ये केलं असतं तर वाचली असती का?"

"पाण्यात किती वेळ होती?"

"नक्की म्हाईत न्हाई."

"मग सांगता येत नाही." "वाचली असती असं मी म्हणत नाही. नसती वाचली असंही म्हणता येत नाही मला."

सोपाननं पिशवीतून शिट्टी काढून टेबलावर ठेवली. मागं सिद्धू उभा होता. त्यानं ती उचलून परत सोपानच्या पिशवीत टाकली.

"माळेवाडीत ह्ये कोन दावनार मग?" तो म्हणाला. "मी आलो तर माज्या तोंडाकडं बघतील. तुज्या तरी तोंडाला तोंड लावतील."

परतीच्या वाटेवर फाटा मागं पडला आणि सोपान एकटा राहिला तेव्हा त्यानं गाल फुगवले. हाताच्या पाठीवर ती हवा सोडून पाहिली. मनगटावरची आव्याची खूण अजून गुलाबी होती. तिच्यावर ती हवा नीट जाणवलीही नाही. त्यानं परत केलं. घर येईपर्यंत तो ते करत राहिला.

घरी केरूतात्या वाट पाहत होता.

"काय शिकिवलं रं?"

"उंदरं मारायचं अवशीद. पिठात कसं कालवायचं त्ये."

"आनी चैतातल्या मीटिंगीत काय हुतं? तू गेला न्हाईस तवा?"

"त्येच. उंदरांचंच."

"दोन म्हैनं उंदरं?" केरूतात्या म्हणाला. "लय शिकिवत्यात."

चार दिवस सोपान माती तुडवत होता. माती मऊ झाली, लोण्यासारखी झाली, तरी तो तुडवत होता. धडा दिला नाही तर कुणाला काही कळणार नव्हतं. विहिरीच्या खालच्या पायरीवर शेवाळ तसंच होतं आणि रोज पोरी तिथं उतरत होत्या. गुरुवारी दिवस कलल्यावर तो शाळेच्या पटांगणात गेला आणि शिट्टी वाजवली.

पाच जण आले. ज्ञानू त्यांत होता. चार बायका कळशा घेऊन रस्त्याकडेला थांबल्या. सोपाननं तोंडानं सारं सांगितलं आणि म्हणाला, "कुनीतरी निजा."

कुणी निजेना.

"तोंडाला तोंड?" एक जण म्हणाला. "लगीन व्हायचंय गड्या माजं."

पोरं हसली. ज्ञानू हसला नाही. तो म्हणाला, "ह्ये कवा शिकिवलं?"

"ऐतवारी."

"नवं काडलंय?"

सोपाननं मान हलवली. "चैतातल्या मीटिंगीत शिकिवलं हुतं. मी गेलो न्हवतो."

रस्त्यावरच्या एका बाईनं कळशी खाली ठेवली. ज्ञानू त्याच्याकडे पाहत होता. त्याच्याच हातांवरून ती आली होती.

"का गेला न्हाईस?"

"येष्टी चुकली."

"येष्टी?" ज्ञानू म्हणाला. "तू तर चालत जातोस की रं."

"चुकली म्हनलं न्हवं!"

"येष्टी न्हवं," मागून आवाज आला. केरूतात्या पटांगणाच्या कडेला उभा होता. गाढवं सोडायला गेला होता तो परत येताना थांबला होता. केव्हापासून, ते सोपानला कळलं नव्हतं. हातात गाढवाचा दोर होता. "आवा लावायला म्या ठिवून घेतला त्येला. त्यो जातो म्हनत हुता."

"तात्या, तसं न्हवं…"

केरूतात्या पुढं आला. त्यानं दोर खाली टाकला, मुंडासं काढून ज्ञानूच्या हातात दिलं, आणि गुडघ्यावर हात देत हळूहळू पटांगणातल्या मातीवर बसला. मग उताणा निजला. आभाळाकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले.

"माज्यावर दाव," तो म्हणाला.

सोपान त्याच्या उशाशी गुडघे टेकून बसला. एक हात कपाळावर ठेवून त्यानं बापाचं डोकं मागं केलं, हनुवटी वर केली. गळ्यावरची सैल कातडी ताणली गेली. नाक चिमटीत धरलं. पांढऱ्या मिशांना तंबाखूचा वास होता. त्यानं तोंड लावलं आणि फुंकलं.

केरूतात्याची छाती वर आली. सगळ्यांना दिसेल अशी वर आली, आणि खाली गेली.

"आसं," सोपान पोरांकडे न पाहता म्हणाला. "परत बघा." त्यानं परत फुंकलं. परत छाती वर आली. केरूतात्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दोन्ही बाजूंनी कानांत उतरलं. ते पुसायला त्यानं हात हलवला नाही.

"पोरासोरांना कसं करायचं?" त्यानं तसंच पडून विचारलं.

"बास आता, तात्या. उठा."

"कसं करायचं त्ये दाव."

सोपाननं गाल फुगवले. वाकून बापाच्या ओठांवर तोंड ठेवलं आणि ती हवा सोडली. ह्या खेपेस छाती हलल्यासारखी वाटली, किंवा वाटली नाही.

"येवडीच?" केरूतात्यानं विचारलं.

"येवडीच."